तिसऱ्याला दिलेलं मत खरंच वाया जातं का?

कृष्णाकाठची
मंडळी, निवडणूक आली की एक वाक्य ठरलेलं असतं. "त्याला कशाला देतेस, तो थोडाच निवडून येणारेय? मत वाया जाईल." हे सांगणारा बहुतेक वेळा दोन मोठ्यांपैकी एकाच्या प्रचारात असतो, ते जाऊ द्या. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तिसरा कोण, हे मतदानाच्या आधी ठरवतं कोण?

आमची २०२४ ची सांगली घ्या. महाविकास आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली. उमेदवार डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील, चिन्ह मशाल. भाजपकडून दोन वेळचे खासदार संजयकाका. आणि काँग्रेसचं तिकीट न मिळालेले विशाल पाटील लिफाफा घेऊन अपक्ष. कागदावर तिसरे तेच. "लिफाफ्याला मत म्हणजे भाजपला मत" असं आम्हाला पुण्या-मुंबईचे पाहुणे फोन करून समजावत होते. निकाल काय लागला? विशाल पाटील एक लाखावर मतांनी निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६०,८६० मतं पडली, अनामतसुद्धा वाचली नाही. म्हणजे 'मत वाया घालवू नका' हा सल्ला ज्यांनी मनावर घेतला, त्यांचंच मत त्या हिशोबाने वाया गेलं.

तुम्ही तिसऱ्याला मत दिलंय का कधी? दिलं असेल तर का? आणि पुन्हा द्याल का?

गणित_मास्तर
ताई, सांगलीचं उदाहरण चुकीच्या खात्यात टाकलंय तुम्ही. विशाल पाटील हे तिसरे नव्हतेच. वसंतदादांचं घराणं, काँग्रेसची अख्खी यंत्रणा आतून त्यांच्या मागे. हे मिरज-तासगावच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नसेल.

खऱ्या तिसऱ्याची उदाहरणं बघा.

२००९, उत्तर मुंबई. भाजपचे राम नाईक काँग्रेसच्या संजय निरुपम यांच्यापुढे ५,७७९ मतांनी पडले. मनसेच्या उमेदवाराने तिथे दीड लाखाच्या घरात मतं घेतली. त्या वर्षी युतीला मुंबईत सहापैकी एकही जागा मिळाली नाही. मनसेला लोकसभेत काय मिळालं? शून्य. मनसेला मत देणाऱ्या मराठी माणसाला संजय निरुपम खासदार म्हणून हवे होते का?

२०१९, नांदेड. तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले अशोक चव्हाण भाजपपुढे चाळीस हजारांनी पडले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मतं.

२०२४, वायव्य मुंबई. फरक फक्त ४८ मतांचा. अठ्ठेचाळीस! वंचितला तिथे दहा हजारांवर मतं आहेत, नोटाला पंधरा हजारांवर.

आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं लागतातच असं नाही. २०१४ च्या विधानसभेला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले आणि २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर भाजपचे १२२ आमदार आले. या पद्धतीत तुमचं मत एकच काम करतं, वरच्या दोघांपैकी एकाला पुढे ढकलतं. ते काम करायचं नसेल तर घरी बसा, निदान ऊन तरी लागणार नाही.

फुकटचा_चहा
धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसलोय.

निळी_सायकल
मास्तर, तुमचं गणित बरोबर आहे पण मांडणीत मेख आहे. नांदेडची १,६६,१९६ मतं चव्हाणांच्या खिशातली होती आणि वंचितने ती काढून घेतली, हे तुम्ही गृहीतच धरलंत. कुणी सांगितलं? वंचितचा उमेदवार उभाच नसता तर त्यातले काही काँग्रेसकडे गेले असते, काही भाजपकडे, आणि बरेच जण घरी बसले असते. वजाबाकी करताना सगळी रक्कम एकाच बाजूला लावायची, ही सवय मोठ्या पक्षांची आहे. मतं कुणाची जहागीर नसतात.

आणि त्याच निवडणुकीतलं, त्याच आघाडीचं औरंगाबाद का नाही घेतलंत? वंचित-एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. तिथे फुटलेली मतं कुणाची? हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे पडले. नांदेडात आम्ही 'मतं खाणारे' आणि औरंगाबादेत 'विजयी'. मत तेच, आघाडी तीच.

आमच्याकडे हा वाद १९५२ पासूनचा आहे. उत्तर मुंबईत बाबासाहेब उभे होते. दोन जागांचा मतदारसंघ, मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना पाडलं. सत्तर हजारांहून जास्त मतं बाद ठरली, त्यावर बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक आयोगाच्या न्यायाधिकरणापर्यंत गेले. 'मतं कुजवली' हा शब्दप्रयोग आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ आहे. तेव्हा कुजलेलं मत म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

कांशीराम पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, तिथून चळवळीत उतरले. त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी, तिसरी जिंकण्यासाठी. उत्तर प्रदेशात ते खरं करून दाखवलं. पहिल्या दोन निवडणुकांत मत दिलेल्या माणसाचं मत वाया गेलं म्हणणार का?

गणित_मास्तर
@निळी_सायकल, औरंगाबादचं मान्य. पण ते माझ्याच बाजूचं आहे. मतं फुटली म्हणून जलील आले, म्हणजे मतं फुटतात आणि त्याने निकाल बदलतो. आणि २०२४ ला तेच जलील सव्वा लाखाच्या वर मतांनी पडले.

उत्तर प्रदेशात बसपला तिसरी निवडणूक लाभली. महाराष्ट्रात रिपब्लिकन पक्षाच्या किती पिढ्या पहिल्या दोनच निवडणुका पुन्हा पुन्हा लढतायत, तेही सांगा.

निळी_सायकल
ते गटातटांमुळे, मतदारामुळे नाही. पण टोला बसला, नाकारत नाही.

टेबलवाला
मी पक्षाचं नाव सांगणार नाही, बूथवर एजंट म्हणून बरीच वर्षं बसतोय. वरची चर्चा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण ती टीव्हीवर दिसत नाही.

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष १७-क नमुना भरून एजंटांना त्याची प्रत देतात. यंत्रात एकूण किती मतं पडली त्याचा हिशोब. मोजणीनंतर केंद्रनिहाय निकालाचा नमुना २० येतो, कुठल्या केंद्रावर कुणाला किती. तो कुणीही बघू शकतो. निकालाच्या दिवशी गुलाल उधळणारे तो बघत नाहीत. बघतात ते पुढच्या वेळी तिकीट मागणारे. आमच्याकडे निकालानंतर पंधरा दिवसांनी एका फार्महाऊसवर बैठक झाली, टेबलावर फक्त त्या छापील याद्या आणि हायलायटर. "या वस्तीच्या तीन केंद्रांवर आपण पहिले असायचो. आता हा गॅस सिलिंडर चिन्हवाला दीडशे-दोनशे घेऊन गेला. का?" उत्तर निघालं, पाण्याची टाकी. दोन वर्षं मंजूर होऊन पडली होती. टाकीचं काम पुढच्या महिन्यात सुरू झालं, आणि त्या वस्तीतल्या एका पोराला शहर कार्यकारिणीत घेतलं.

तो सिलिंडरवाला पडलाच. अनामत पण गेली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर विधानसभेचे दहा हजार जप्त. पण ते दीडशे जण घरी बसले असते तर यादीत काहीच दिसलं नसतं. न आलेल्या माणसाच्या नावापुढे कुणी हायलायटर फिरवत नाही. 'त्या भागात मतदान कमी झालं' म्हणतात आणि पुढचं पान उलटतात.

मास्तर, म्हणून तुमचा 'घरी बसा' हा सल्ला आमच्यासारख्यांना फार आवडतो.

फुकटचा_चहा
टेबलवाले दंडवत घ्या. हे खरं आतलं.

नोटाबंदीवाला
मग नोटा द्या की! लातूर ग्रामीणला २०१९ मध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. २७,५०० मतं. शिवसेनेचा उमेदवार नोटाच्या मागे.

टेबलवाला
नोटाची यादी वाचून टाकी कोण बांधणार? पाणी हवंय की रस्ता हवाय की उमेदवाराचं तोंड आवडलं नाही, काहीच कळत नाही. आणि नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी लोकसभा-विधानसभेला पुढचा उमेदवार निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा नियम केला, तेवढाच.

सातारी_कंदी
वाया गेलेलं मत बघायचं असेल तर आमच्याकडे या. २०२४ ला उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आणि एका अपक्षाला मिळाली नुसती तुतारी, आपली पिपाणी. पिपाणीला ३७ हजारांवर मतं! यातली किती चुकून पडली ते देव जाणे, पण आमच्या गल्लीतली एक म्हातारी शपथेवर सांगते की तिनं 'साहेबांची तुतारी' दाबली. तिनं काही तिसऱ्याला मत दिलं नव्हतं.

डेट्रॉइटकर
@सातारी_कंदी, अगदी हेच इकडे अमेरिकेत २००० साली अध्यक्षाच्या निवडणुकीत झालं. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची रचना अशी केली होती की डेमोक्रॅटिक पक्षाच्या गोर यांना मत देणाऱ्यांच्या हातून तिसऱ्याच पक्षाच्या बुकॅनन यांच्यासमोरचं भोक पाडलं जायचं. त्या काउंटीत बुकॅनन यांना ३,४०७ मतं पडली आणि अख्ख्या राज्यात बुश फक्त ५३७ मतांनी पुढे. तरी पंचवीस वर्षं खापर फुटतंय ते ग्रीन पक्षाच्या राल्फ नाडर यांच्या डोक्यावर, कारण त्यांना फ्लोरिडात ९७,४८८ मतं होती.

इकडे आमचा वाद राज्याप्रमाणे बदलतो. न्यू जर्सीत होतो तेव्हा कुणालाही मत द्या, राज्य डेमोक्रॅटिकच जाणार हे ठरलेलं. तिथे मराठी मंडळातली निम्मी मंडळी निर्धास्त ग्रीन किंवा लिबर्टेरियन पक्षाला द्यायची. मिशिगनला आलो आणि हवा बदलली. २०१६ ला इथे ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मतं. माझ्या शेजाऱ्याने स्टाइनना दिलं होतं, त्याची बायको अजून गणपतीच्या जेवणात टोमणे मारते.

तिसऱ्याचं काम वेगळ्या मार्गानेही होतं, हे मात्र मी पाहिलंय. १९९२ ला रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि निर्वाचक (राज्यांकडून अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) एकही नाही. माणूस सारखा सरकारी तुटीचे तक्ते घेऊन टीव्हीवर यायचा. पुढची काही वर्षं दोन्ही पक्ष तुटीबद्दलच बोलत होते, १९९८ ला अर्थसंकल्प शिलकीत आला. सगळं पेरो यांच्यामुळे असं मी म्हणणार नाही, अर्थव्यवस्थाही तेजीत होती. पण ते १९ टक्के दोघांनाही हवे होते.

वऱ्हाडचा_मास्तर
सगळे जण रोगाबद्दल बोलून राहिले, औषध तर आपल्याच घरात आहे ना भाऊ. विधान परिषदेचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ विसरले काय सगळे?

२०२० ला अमरावती शिक्षकची निवडणूक होती. केंद्रावर जांभळा स्केच पेन देतात, स्वतःचा पेन चालत नाही. मतपत्रिकेवर नावासमोर १, २, ३ असे आकडे टाकायचे. फुली मारली, सही केली, की मत बाद. मी पहिली पसंती अशा माणसाला दिली, जो येणार नाही हे मलाच काय, त्याच्या बायकोलाही माहीत होतं. पण विनाअनुदानित शाळांसाठी तो खरंच धावला होता. दुसरी पसंती दिली किरण सरनाईकांना, अपक्ष. मोजणीत पहिल्या पसंतीवर कोणाचाच कोटा (निवडून यायला लागणारी मतं) पूर्ण झाला नाही. मग सगळ्यात कमी मतंवाला बाद, त्याचे कागद दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायचे, मग पुढचा बाद. हे दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं. शेवटी सरनाईक आले, मोठ्या पक्षांचे उमेदवार मागे राहिले.

माझा पहिला माणूस बाद झाला तेव्हा माझा कागद कचऱ्यात नाही गेला, पुढच्या गठ्ठ्यात गेला. अमेरिकेतल्या मेन राज्यानं हेच संसदेच्या निवडणुकीला लावलं म्हणतात. आपल्याकडे मास्तर आणि पदवीधर लोकांना ही सोय, आणि शेतकऱ्याला मात्र एकच बटण. त्याला एक-दोन-तीन लिहिता येत नाही काय?

गणित_मास्तर
पसंतीक्रमाला माझा पूर्ण पाठिंबा. माझं भांडण आहे ते आत्ताच्या यंत्राशी, त्यात दुसरी पसंती नाही. नियम बदलेपर्यंत आहे त्या नियमाने खेळायचं.

कोट्यवधी मतांत त्या फेऱ्या हाताने मोजायच्या म्हणजे आठवडा जाईल, तेही लक्षात घ्या. यंत्रंच नवी लागतील.

कृष्णाकाठची
मास्तर, 'आहे त्या नियमाने' म्हणालात म्हणून सांगते. आहे त्याच नियमात एक पायरी आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. राज्य पक्ष म्हणून मान्यता. विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा लोकसभेला राज्यात सहा टक्के आणि एक खासदार. आणि एकही जागा नसेल तरी आठ टक्के मतं मिळाली तर मान्यता मिळते. मान्यता म्हणजे राज्यभर एकच राखीव चिन्ह.

वंचितला २०१९ च्या लोकसभेत सात टक्क्यांच्या आसपास मतं होती. खासदार एक आला तो एमआयएमचा. म्हणजे सहाचा दरवाजा बंद आणि आठला थोडं कमी. त्यामुळे काय झालं बघा. २०१९ च्या लोकसभेला कप-बशी, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ ला अकोल्यात प्रकाश आंबेडकर प्रेशर कुकरवर. दर वेळी भिंती नव्याने रंगवायच्या आणि म्हाताऱ्या माणसांना नवं चित्र शिकवायचं. सातारच्या आजींचं काय झालं ते वर आहेच. जिथे वंचितचा उमेदवार येणार नव्हता अशा मतदारसंघातलं 'वाया' मतसुद्धा या टक्क्यात धरलं जातं. ते राज्याच्या बेरजेत जातं, मतदारसंघाच्या नाही.

गोव्यात 'आप'ने हेच केलं. २०१७ ला चाळीसपैकी एकही जागा नाही. २०२२ ला दोन आमदार आणि सहा टक्क्यांच्या वर मतं, राज्य पक्षाचा दर्जा. पुढे २०२३ ला राष्ट्रीय पक्ष झाला त्यात गोव्याच्या त्या टक्क्यांचाही वाटा आहे.

गणित_मास्तर
ताई, हा मुद्दा चांगला आहे. पण गोव्याच्या त्याच निवडणुकीत भाजपने ३३ टक्क्यांवर चाळीसपैकी वीस जागा घेतल्या, विरोधातली मतं काँग्रेस, आप, तृणमूल आणि रिव्होल्युशनरी गोवन्समध्ये वाटली गेली. पक्षाला दर्जा मिळाला, मतदाराला पाच वर्षं नको ते सरकार. किंमत मतदाराने दिली.

म्हापशेकर
कोणाक नको ते सरकार? आमकां जाय आशिल्लें. सगळ्यांच्या वतीने बोलू नका.

गणित_मास्तर
बरोबर, 'भाजप नको असलेल्या मतदाराला' असं वाचा.

व्यवस्थापन
पक्षांच्या प्रचाराचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहा.

खानापूर_रस्ता
बेळगावातून लिहितोय. तुम्ही लोक महाराष्ट्रात बसून 'वाया' म्हणता, आमच्याकडे येऊन म्हणून बघा.

एप्रिल २०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक. भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींच्या पुढे ५,२४० मतांनी आल्या. महाराष्ट्र एकीकरण समितीचा तरुण उमेदवार शुभम शेळके, त्याला एक लाख सतरा हजार मतं. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला दोन्हीकडून ऐकून घ्यायला लागलं. काँग्रेसवाले म्हणे तुम्ही आमचा माणूस पाडला, भाजपवाले म्हणे हिंदुत्वाची मतं भाषेवर फोडलीत. गंमत बघा, दोघांनाही वाटत होतं की ती मतं त्यांचीच.

आमच्यातल्या कुणालाही शेळके दिल्लीला जाणार असं वाटत नव्हतं. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. 'इथे आता कुणाला महाराष्ट्र नको आहे' असं बंगळूरवाले म्हणाले की दाखवायला आमच्याकडे काय आहे? मोर्चाला परवानगी मिळत नाही, फलकावर मराठी लिहिलं तर वाद. मतपेटी तेवढी उरली. त्यातून निघालेला आकडा सरकारनेच मोजलेला असतो, तो कुणी खोटा म्हणू शकत नाही.

पण मास्तरांचं पण पटतं मला, कारण आमचं खरं नुकसान आमच्याच फुटीने झालं. २०१८ ला समितीचे दोन गट एकमेकांविरुद्ध उभे राहिले, एकही आमदार नाही. २०२३ ला एकी केली तरी शून्यच. पण बेळगाव दक्षिणमध्ये आमचा माणूस दुसरा आला, काँग्रेस तिसरी. तिथं तिसऱ्याला मत देऊ नका म्हणायचं झालं तर काँग्रेसवाल्यांना म्हणायला पाहिजे. म्हणालं का कोण?

निळी_सायकल
खानापूर_रस्ता, जय महाराष्ट्र आणि जय भीम दोन्ही घ्या.

गणित_मास्तर
तुमच्यापुढे माझं गणित थोडं अपुरं पडतं हे खरं. तुम्ही उमेदवार निवडतच नाही आहात, तुम्ही नोंद करताय. माझा आक्षेप आहे तो 'आमचाच येणार' असं सांगून मतं मागणाऱ्या आणि निकालानंतर 'आम्ही तर विचारासाठी लढलो' म्हणणाऱ्यांवर.

माझा नियम आता असा. वरच्या दोघांत मला खरंच फरक वाटत असेल आणि लढत घासून असेल तर दोघांतल्या बऱ्याला. लढत एकतर्फी असेल तर मनातल्याला. दोघंही सारखेच वाटत असतील तर मग प्रश्नच नाही.

टेबलवाला
घासून आहे की एकतर्फी, हे तुम्हाला सांगणार कोण मास्तर? आम्हीच. प्रत्येक उमेदवाराचा माणूस 'काट्याची टक्कर आहे' म्हणूनच दारात येतो.

पिंपरीची_पूर्वा
उशिरा आले धाग्यावर. महापालिकेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार-चार जणांचा प्रभाग, म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. आमच्याकडे पक्षाचे कार्यकर्ते 'पॅनेल फोडू नका' म्हणून रोज सांगून जातात. पण तिथे तीन मतं पक्षाच्या माणसांना आणि एक त्या नाल्यासाठी भांडणाऱ्या अपक्ष बाईंना देता येतं की! मास्तरांचाही हिशोब राहतो, माझंही मन राहतं. फक्त केंद्रावर घाई करू नका. चारही जागांची बटणं दाबून होईपर्यंत मतदान पूर्ण होत नाही. कुठल्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथे नोटा दाबावं लागतं. नाहीतर मागून अधिकारी ओरडतात, "ताई, अजून एक राहिलं!"

आमच्या प्रभागात त्या बाईंची जागा अ आहे की ड, चिठ्ठीत स्पष्ट नाहीये. कुणाला अंतिम यादी मिळाली असेल तर इथेच टाका.